टिपणीत विरोध मीच नोंदवला, आदेशाचा मसुदाही मीच केला. वेबर याला काय म्हणेल?

बारनिशीवाला

मंडळी, नमस्कार. महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटलो, अव्वल कारकून झालो, नायब तहसीलदार म्हणून सुटलो. घरात बसून बायकोच्या कामात लुडबूड करण्यापेक्षा बरं, म्हणून दूरशिक्षणातून समाजशास्त्राचं एम.ए. करायला घेतलंय. पहिल्याच पेपरात मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ भेटला.

त्याची नोकरशाहीची लक्षणं वाचताना मला हसू आवरेना. ठरलेलं कार्यक्षेत्र, वरपासून खालपर्यंत उतरंड, प्रत्येक गोष्ट लेखी, कागद जपून ठेवायचे, परीक्षा देऊन आलेला माणूस, महिन्याला पगार, म्हातारपणी पेन्शन, आणि खुर्ची माणसाची नाही तर कचेरीची. अहो, हे तर आमचं सेवापुस्तक! जर्मनीत बसून या गृहस्थाने आमची दप्तर तपासणी केली की काय?

खुर्ची माणसाची नाही, हे मला विशेष पटलं. माझे आजोबा कुळकर्णी वतनदार. गावचं दप्तर आमच्या माजघरात लाकडी पेटीत असायचं. पणजोबा गेले तसं ते शेताच्या तुकड्यासारखं आजोबांकडे आलं. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुळकर्णी वतनं गेली, पेटीतलं दप्तर पगारी तलाठ्याकडे गेलं. आजी शेवटपर्यंत ‘आमचं दप्तर नेलं’ असंच म्हणायची. मी चार्ज दिला तेव्हा कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, नोंदवह्या, सगळ्याची यादी झाली आणि दोघांच्या सह्या झाल्या. माझं म्हणून टेबलातून निघालं ते चष्म्याचं घर आणि जेवणाचा डबा.

आता मुद्द्यावर येतो. नोकरीत असताना एक जमिनीचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं. तपशिलात जात नाही, पण नियमात बसत नव्हतं. मी टिपणीत सरळ लिहिलं, ‘सबब सदर विनंती मान्य करणे नियमोचित होणार नाही.’ साहेबांनी बोलावून तोंडी सांगितलं, होऊन जाऊ द्या. मी म्हटलं, साहेब, शेरा लेखी द्या. वर्तणूक नियमांतच आहे की वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी हवा, तोंडी मिळाला तर नंतर लेखी दुजोरा घ्यायचा. साहेबांनी माझ्याकडे दोन मिनिटं पाहिलं आणि समासात हिरव्या शाईने लिहिलं, ‘प्रस्ताव मान्य. आदेश सादर करावेत.’

मग आदेशाचा मसुदा मीच केला. आणि कसा केला म्हणता? संदर्भ चोख, कलमं चोख, काना-मात्रा चुकली नाही. ज्या गोष्टीला माझा विरोध होता तिचं पत्र मी इतकं जीव ओतून लिहिलं की माझंच मला नवल वाटलं.

वेबरने माणसाच्या कृतीचे चार प्रकार केलेत: हेतू आणि साधन यांचा हिशोब करून केलेली, एखादं मूल्य मानून केलेली, भावनेच्या भरात केलेली आणि सवयीने, रूढीने केलेली. माझी यातली कोणती? पेन्शन सांभाळायला केली म्हणावं तर पहिली. नियम पवित्र मानून केली म्हणावं तर दुसरी, पण नियम तर मोडतच होता. हात सवयीने चालला असेल तर चौथी. आणि खरं सांगायचं तर साहेबांवर रागही होता, म्हणजे तिसरीसुद्धा.

दुसरी शंका बारीक आहे. कामाचा वेग, अचूकपणा, सातत्य या बाबतीत नोकरशाहीच्या तोडीचं काही नाही असं हा माणूस म्हणतो. कचेरीतले कागद आम्ही सहा गठ्ठ्यांत लावतो, त्यातला उत्तराची वाट पाहत पडलेल्या कागदांचा ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठा त्याला कोणी दाखवला नव्हता का?

लक्ष्य_राजपत्रित

काका, साधं आहे. तुमची पहिली, म्हणजे साध्य-साधन विवेकी कृती. नोकरशाही = कायदेशीर-विवेकी अधिसत्ता (अधिसत्ता म्हणजे लोकांनी मानलेली सत्ता, इथे नियमाच्या जोरावर) = साध्य-साधन विवेकी कृती. पारंपरिक कृती = पारंपरिक अधिसत्ता. भावनिक कृती = करिश्मा, म्हणजे एखाद्या माणसाच्या प्रभावावर चालणारी अधिसत्ता. आमच्या नोट्समध्ये हा तक्ता आहे, फोटो टाकू का? तपासणाऱ्याला तक्ता दिसला की मार्क देतो. एवढा विचार करू नका.

बारनिशीवाला

टाक बाळा फोटो. पण तुझ्या तक्त्यात प्रकार चार आणि अधिसत्ता तीन. मूल्यवाली कृती कुठल्या खान्यात बसवलीस? आमच्या तेरजेत, म्हणजे हिशोबाच्या गोषवाऱ्यात, असा आकडा जुळला नसता तर रात्री घरी सोडलं नसतं.

शिकवून_थकलेली

बारनिशीवाले, तुम्ही तक्त्याचं जे भोक दाखवलंत ते दाखवणारा विद्यार्थी मला आख्ख्या नोकरीत क्वचित भेटला. त्यामुळे सविस्तर लिहिते. चहा घेऊन बसा.

आधी खान्यांचा घोळ. वेबरने हे चार प्रकार माणसांना बसवायला केलेले नाहीत. ती ‘आदर्श प्रारूपं’ आहेत, म्हणजे मुद्दाम टोकदार करून घेतलेल्या मोजपट्ट्या. प्रत्यक्षातली कृती बहुतेक वेळा मिश्र असते हे तो स्वतःच सांगतो. सवयीची कृती तर त्याच्या मते अर्थपूर्ण कृतीच्या अगदी सीमेवर आहे, कारण तिच्यात माणूस विचार करतोच असं नाही. तेव्हा ‘माझी कोणती’ असं विचारण्याऐवजी असं विचारा: काय बदललं असतं तर मी हे केलं नसतं? पेन्शनची चिंता नसती तर तुम्ही मसुदा रखडवला असता का? राग नसता तर ढिसाळ लिहिला असता का? तुमच्या पोस्टवरून मला तरी वाटतं, नाही. तुम्ही तो चोखच लिहिला असता. म्हणजे मुळाशी जे आहे ते मूल्य आहे. पण ते मूल्य ‘नियम पवित्र’ हे नाही, ते ‘हे टेबल माझ्याकडे दिलंय’ हे आहे.

आणि तुमचं नेमकं हेच प्रकरण वेबरने हाताळलंय. २८ जानेवारी १९१९, म्युनिक. जर्मनी युद्ध हरलेली, कैसर पळालेला, बव्हेरियात क्रांतीचं सरकार, ज्याच्या प्रमुखाचा, कुर्ट आइस्नरचा, पुढच्याच महिन्यात खून झाला. अशा वातावरणात विद्यार्थ्यांपुढे राजकारण या व्यवसायावर व्याख्यान देताना तो अधिकाऱ्याची अब्रू कशात असते ते सांगतो. अधिकाऱ्याला आदेश चुकीचा वाटला तर त्याने तसं वरिष्ठाला सांगावं. वरिष्ठ तरीही अडून बसला तर तो आदेश स्वतःच्याच मताचा असल्यासारखा प्रामाणिकपणे पार पाडावा. ही शिस्त आणि हा स्वतःला बाजूला ठेवण्याचा संयम नसेल तर सगळं यंत्रच कोसळेल, असं त्याचं म्हणणं. टिपणीत विरोध, समासात शेरा, मग चोख मसुदा: तुमच्या तिन्ही पायऱ्या त्यात आहेत.

पण इथे थांबलात तर वेबर अर्धाच वाचलात. आमच्या पाठ्यपुस्तकांनी हा गुन्हा वर्षानुवर्षं केलाय. त्याच दमात तो राजकारणी माणसाची अब्रू सांगतो, आणि ती बरोबर उलटी आहे. पुढाऱ्याने आपल्या कृतीची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घ्यायची. ती त्याला नाकारता येत नाही, दुसऱ्यावर ढकलता येत नाही. अधिकाऱ्याने मत गिळायचं ते वर कोणीतरी जबाबदारी घेणारा बसलाय या भरवशावर. वरही मत गिळणारेच बसले असतील तर? वेबरचा जर्मनीवरचा राग हाच होता. १९१७ मध्ये वर्तमानपत्रातून आणि १९१८ मध्ये पुस्तिकेतून त्याने लिहिलं की जर्मनीचा जुना चान्सलर बिस्मार्क याने मागे ठेवलं ते राजकीय शिक्षण नसलेलं राष्ट्र आणि दुबळी संसद. पुढाऱ्यांच्या जागी अधिकारी येऊन बसले. अधिकारी म्हणून उत्तम, पुढारी म्हणून कुचकामी.

त्याच लिखाणात एक गोष्ट आहे जी तुम्हाला कचेरीतला माणूस म्हणून चटकन कळेल. मंत्री येतो-जातो, पण प्रकरणाची माहिती असते टेबलाकडे. दप्तर ज्याच्या हातात त्याच्यापुढे मंत्री कायम नवशिका. आणि हे ज्ञान दडवून ठेवायचं हत्यार म्हणजे ‘गोपनीय’चा शिक्का. वेबर म्हणतो, नोकरशाहीला हा शिक्का प्राणापलीकडे प्रिय असतो. म्हणून त्याची मागणी होती की संसदेला चौकशीचा अधिकार हवा, कागद मागवायचा, अधिकाऱ्याला समोर बसवायचा.

आता तुमचा ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठा. श्रेष्ठ म्हणजे कोणापेक्षा, हे विचारल्याशिवाय ते वाक्य वाचूच नये. तुलना आहे ती बिनपगारी हौशी गावपुढाऱ्यांच्या कारभाराशी, मर्जीतल्या दरबारी माणसांशी आणि पद हीच मिळकत असलेल्या वतनदाराशी. तुम्ही आजोबांच्या पेटीबद्दल मायेने लिहिलंत, लिहा. पण त्याच गावात दुसरंही वतन होतं. महार वतन. सरकारी टपाल पोचवा, वर्दी द्या, हद्दी दाखवा, साहेबाचं ओझं उचला. वेळ ठरलेली नाही, काम ठरलेलं नाही, मोबदला म्हणजे इनामाचा तुकडा आणि दारोदार मागायचं बलुतं. आणि वतन एकाचं नाही, घराण्याचं, म्हणजे बाप आजारी पडला तर मुलगा हजर. १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा यामागे उभा होता. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात तो दुरुस्त करायला विधेयक आणलं, ते तडीस गेलं नाही. कनिष्ठ गाववतनं रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. ‘ठरलेलं कार्यक्षेत्र, ठरलेला पगार, कामाची वेळ’ ही वेबरची लक्षणं तुम्हाला सेवापुस्तकासारखी रुक्ष वाटली. त्या वतनातून सुटून जो शिपाई म्हणून पगारावर लागला त्याला ती कशी वाटली असतील, याचा विचार करा.

वेबरला टेबलाचा अनुभव नव्हता असंही समजू नका. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा पन्नाशीचा हा माणूस राखीव अधिकारी म्हणून हायडलबर्गच्या लष्करी इस्पितळांच्या कारभारावर रुजू झाला. १९१५ च्या शरदापर्यंत रोज कचेरी. सोडताना त्याने अहवाल लिहिला, त्यात हौशी मदतनीसांचा उत्साह आणि शिकलेल्या परिचारिकांचं काम यांची तुलना आहे, आणि हौशी कारभाराचं नियमबद्ध कारभारात रूपांतर कसं झालं तेही. कौल कुणाच्या बाजूने, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण त्याच माणसाने १९०९ मध्ये व्हिएन्नाच्या एका सभेत आपल्याच बुजुर्ग सहकाऱ्यांना सुनावलं होतं की नोकरशाहीच्या आरत्या पुरे, छोट्या खुर्चीला चिकटलेल्या आणि मोठ्या खुर्चीकडे डोळे लावलेल्या माणसांनीच जग भरून जाईल ही कल्पना भयंकर आहे. दोन्ही मतं एकाच माणसाची. तो ते लपवत नाही.

तक्त्यातल्या भोकाबद्दल: मूल्यविवेकी कृतीला जोडीदार अधिसत्ता त्याने सरळ दिलेली नाही, त्यावर अभ्यासक अजून भांडतात. लक्ष्य_राजपत्रित, फोटो टाकू नकोस.

नेकारकाठ

मॅडम, मस्त. मी पुण्याचा, सध्या हायडलबर्गला. इथे आल्यावर जर्मन शिकायला जिथे जायचो ती इमारत म्हणजे वेबरचं घर, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं! नेकार नदीच्या काठावर, समोर पलीकडे किल्ल्याचे अवशेष. त्याच्या आजोबांनी बांधलेलं. १९१० पासून वेबर पती-पत्नी तिथे राहत, रविवारी दुपारी लोक जमत. लुकाच, ब्लोख, यास्पर्स अशी तत्त्वज्ञ मंडळी. आता तिथे आमच्यासारखे विभक्ती प्रत्यय घोकतात.

दोन गोष्टी सांगतो. एक, काकांनी केलं ते इथे आज कायद्यात लिहिलेलं आहे. सरकारी अधिकारी आपल्या कृतीच्या कायदेशीरपणाला व्यक्तिशः जबाबदार. शंका आली तर लगेच वरच्याला कळवायची. त्याने ऐकलं नाही तर त्याच्या वरच्याला. दोन्हीकडून ‘कराच’ आलं तर करायचं आणि मग जबाबदारीतून मोकळं. मात्र अपवाद आहे: आदेश माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला घालणारा असेल, किंवा गुन्हा ठरणार हे समोर दिसत असेल, तर वरून किती का सांगेनात, करायचं नाही.

तो अपवाद का आला ही दुसरी गोष्ट. ७ एप्रिल १९३३ ला हिटलर सरकारने कायदा केला, नाव काय तर व्यावसायिक अधिकारीवर्गाच्या पुनःस्थापनेचा. त्याखाली ज्यू आणि विरोधी मताचे अधिकारी, प्राध्यापक काढले गेले. काढायला गुंड आले नाहीत. प्रश्नावल्या आल्या, आजी-आजोबांचा धर्म कोणता त्याचे दाखले मागवले गेले, उत्तरं नस्तीत (फाइलीत) लागली, पत्रं गेली. वेबरच्या रविवारच्या बैठकीतला कार्ल यास्पर्स, ज्याची बायको ज्यू होती, त्याला याच विद्यापीठाने १९३७ मध्ये घरी बसवलं. त्या पत्राचा मसुदा कोणीतरी काकांसारखाच काना-मात्रा न चुकता केला असणार. काका, राग मानू नका, तुमची आणि त्यांची तुलना करत नाहीये. पण मॅडमनी सांगितलेल्या ‘अब्रू’बद्दल १९१९ च्या वेबरला हे पुढचं दिसत नव्हतं.

शिकवून_थकलेली

हे मान्य. झिग्मुंट बाउमन या समाजशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये ज्यूंच्या संहारावर लिहिताना हेच धरलंय, की कामाचे बारीक तुकडे झाले की प्रत्येकाला आपला तुकडा निर्दोष वाटतो. फक्त एक पुस्ती जोडते. १९३३ साली वेबरच्या अब्रूतली पहिली पायरीच नाहीशी झालेली होती. विरोधाची टिपणी लिहायची सोय उरली नव्हती आणि वर चौकशी करणारी संसदही नव्हती. त्यामुळे दोष दुसऱ्या पायरीचा किती आणि पहिली काढून टाकल्याचा किती, यावर तुझं-माझं भांडण होऊ शकतं.

गट_नंबरवाला

मी समाजशास्त्र वाचलेलं नाही, शेती करतो, पण या धाग्यात टेबलाच्या या बाजूचं कोणी नाही म्हणून लिहितो. आमच्या वडिलांच्या जमिनीत एक फेरफार चुकीचा झाला होता. कचेरीत विचारलं की उत्तर एकच, ‘वरून आदेश आहे.’ वर म्हणजे कुठे ते कोणी सांगेना. शेवटी माहिती अधिकारात आख्ख्या नस्तीच्या प्रती मागितल्या. टिपणीची पानंही मागा, असं एका वकिलाने सांगितलं होतं, नाहीतर नुसतं आदेशाचं पान देतात. त्यात कुणा कारकुनाचं हस्ताक्षर निघालं, हरकत निकाली न काढता नोंद घेता येत नाही असं. खाली दुसऱ्या शाईत ‘मान्य’. अपिलात ते पान लावलं. निकाल आमच्यासारखा लागला.

तो कारकून कोण ते माहीत नाही, बदली होऊन गेला असेल. त्याने टिपणी लिहिली नसती आणि ‘जाऊ द्या, साहेबांचं काम आहे’ म्हणून गप्प बसला असता तर आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. पण त्याने नंतर आदेशही लिहिलाच ना, आणि त्यापायी वडील अपिलाच्या पायऱ्या चढत राहिले. दोन्ही खरं आहे. त्याचे आभार मानू की त्याला शिव्या देऊ हे माझं अजून ठरलेलं नाही.

बारनिशीवाला

गट_नंबरवाले, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, शिव्याच द्यायच्या.

मॅडम, महार वतनाचं तुम्ही म्हणालात ते खरं आहे. आमच्या आजीच्या ‘आमचं दप्तर’मध्ये ती बाजू कधी आली नाही. आमच्या कचेरीत एक शिपाई होते, त्यांचे वडील वतनावर राबलेले. पाच वाजून गेल्यावर कुठल्याही साहेबाने काम सांगितलं की ते शांतपणे म्हणायचे, ‘उद्या सकाळी करतो, साहेब.’ नवे साहेब चिडायचे. मी त्या वेळी त्याला आळस समजत होतो.

नेकारकाठ, तुमच्याकडच्या दोन पायऱ्यांच्या नियमाचा मूळ मजकूर मिळाला तर इथे टाका. आमच्याकडे लेखी दुजोऱ्याचा नियम आहे, पण त्याने फक्त शेरा कुणाचा ते ठरतं, आदेश मोडायची मुभा मिळत नाही. माहिती अधिकार आला तेव्हा मात्र आमच्या कचेरीत गंमत झाली होती. महाराष्ट्राचा आधी, मग २००५ साली केंद्राचा. टिपणी बाहेर जाणार कळल्यावर निम्मे लोक ‘आदेशार्थ सादर’ एवढंच लिहायला लागले, मत काही नाही. आणि जे आधीपासून मत लिहायचे ते जास्तच लांबण लावायला लागले, मी त्यातला. गोपनीय शिक्क्याबद्दल वेबरला कळवायला हवं होतं की शिक्का काढून घेतला तर दडवायची नवी पद्धत निघते, कोरी टिपणी.

पुढच्या आठवड्यात स्वाध्याय द्यायचाय, ‘अधिसत्तेचे तीन प्रकार उदाहरणांसह स्पष्ट करा’, शब्दमर्यादा पाचशे. करिश्म्याला माझ्याकडे उदाहरण नाही, मी पाहिलेले सगळे साहेब बदलीच्या आदेशाबरोबर संपले. कोणाला सुचत असेल तर सांगा. पुढाऱ्याचं नको, तपासणारा कुठल्या पक्षाचा असेल सांगता येत नाही.